खोक्यावरचे आकडे आणि खोक्यातली पुस्तिका

परीक्षणासाठी पुस्तक हाती घेतले की लेखक कोण, प्रकाशक कोण, किंमत किती हे आपण आधी पाहतो. या वेळी आम्ही निवडलेल्या पुस्तकावर लेखकाचे नाव नाही. ते वेगळे विकत मिळत नाही, वस्तूबरोबर फुकट येते. त्याच्या प्रती घरोघरी आहेत, पण ते वाचलेला माणूस मात्र शोधावा लागतो. पंखा, मिक्सर, गीझर, मोबाइल, पॉवर बँक यांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली माहितीपुस्तिका हे ते पुस्तक. खोक्याच्या बाहेरची छपाई हे त्याचे मुखपृष्ठ, असे आम्ही धरले आहे.

हे पुस्तक वाचायला आम्हांला भाग पाडले ते आमच्याच फजितीने. आम्ही एक पॉवर बँक घेतली होती. खोक्यावर ठळक अक्षरांत १०००० मिलिअँपिअर-तास असा आकडा. आमच्या मोबाइलची बॅटरी ५००० मिलिअँपिअर-तासांची. तेव्हा मोबाइल दोनदा पूर्ण भरायला हवा, हा आमचा हिशेब. प्रत्यक्षात तो जेमतेम दीड वेळा भरे. पावसाळ्यातल्या एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही ती वस्तू घेऊन ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका दुरुस्ती केंद्रात गेलो आणि जरा तावातावानेच तक्रार मांडली. काउंटरवरचा तरुण आयटीआयमधून शिकून आलेला होता. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, मागची बाजू वाचलीत का?" मग पॉवर बँक उलटी करून स्क्रू ड्रायव्हरचे टोक त्याने एका ओळीखाली धरले. मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत तिथे लिहिले होते : ३.७ व्होल्ट, ३७ वॉट-तास. आणि त्याखाली : ५ व्होल्टला ६३०० मिलिअँपिअर-तास.

आम्ही कित्येक वर्षे नववीला 'धाराविद्युत' आणि दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' हे पाठ शिकवतो. त्या मुलाने आपण शिकलेले वापरले होते. आम्ही मात्र आपण शिकवलेलेही वापरले नव्हते. तक्रार मागे घेऊन आम्ही परतलो. नंतर शिक्षककक्षाच्या कपाटातून आणि घरांतून मिळतील तेवढ्या पुस्तिका जमवून वाचायला बसलो. त्या वाचनाचा हा वृत्तान्त आहे.

वागळे इस्टेटमध्येच का?

आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांची घरे किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर या वस्त्यांत आहेत, आणि त्या सर्वांचे वागळे इस्टेटशी नाते आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म १ ऑगस्ट १९६२ रोजी याच वसाहतीतल्या एका छोट्या समारंभात झाला. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण त्याच्या अध्यक्षस्थानी होते. इथले रस्ते आजही नावांपेक्षा क्रमांकांनी ओळखले जातात. काळाच्या ओघात अनेक कारखाने गेले आणि त्यांच्या जागी कार्यालये, गोदामे, छापखाने, दुरुस्ती केंद्रे आली. तरी वस्तू बनवणारा, तिचे खोके छापणारा, ती दुरुस्त करणारा आणि पगारातून पैसे बाजूला टाकून ती विकत घेणारा असे चौघेही तासाभराच्या पायपिटीत भेटतील, अशी ही जागा आहे. अशा घरांत पंखा किंवा गीझर घेणे हा सगळ्या कुटुंबाचा निर्णय असतो आणि तो चुकला तर त्याचा चटका महिनोन्‌महिने बसतो. म्हणून खोक्यावरचा आकडा नीट वाचता येणे ही आमच्या मते परीक्षेतल्या दोन गुणांहून मोठी गोष्ट आहे.

दहा हजार कशाचे?

प्रथम त्या पॉवर बँकेचाच हिशेब मांडू. मिलिअँपिअर-तास हे विद्युतप्रभाराचे माप आहे, ऊर्जेचे नव्हे. गच्चीवरच्या टाकीत किती लिटर पाणी आहे, एवढेच सांगून ते पाणी खाली येताना किती काम करील हे कळत नाही. त्यासाठी टाकी किती उंचीवर आहे हेही सांगावे लागते. इथे उंचीच्या जागी विभवांतर, म्हणजे व्होल्ट. आतल्या लिथियम-आयन घटाचे विभवांतर सुमारे ३.७ व्होल्ट असते. १०००० मिलिअँपिअर-तास म्हणजे १० अँपिअर-तास, त्याला ३.७ ने गुणले की ३७ वॉट-तास. पॉवर बँकेत साठवलेली ऊर्जा ती एवढी.

मोबाइलला जोडलेल्या वायरीतून मात्र ५ व्होल्टने वीज जाते. व्होल्ट वाढले, ऊर्जा तीच, तेव्हा अँपिअर-तास कमी होणारच : ३७ भागिले ५ म्हणजे ७.४, अर्थात ७४०० मिलिअँपिअर-तास. त्यातही ३.७ चे ५ व्होल्ट करणारे मंडल थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खाते. पॉवर बँक हाताला कोमट लागते ती यामुळेच. शंभरातले ८५ भाग बाहेर आले असे धरले तर सुमारे ३१ वॉट-तास आणि ६३०० मिलिअँपिअर-तास मिळतात. आमच्या मोबाइलची बॅटरी ५ अँपिअर-तास, ३.८५ व्होल्टची, म्हणजे सुमारे १९ वॉट-तासांची. ३१ भागिले १९ बरोबर सुमारे १.६. मोबाइलच्या आत आणि वायरीत आणखी थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणजे राहिले दीड! आमचा अनुभव आणि सिद्धान्त असे बरोबर जुळले.

मग खोक्यावरचा आकडा खोटा होता काय? नाही, तो खराच होता. खोटेपणापेक्षा ही तऱ्हा अधिक अवघड आहे, कारण खोटे सिद्ध करता येते. इथे आकडा खरा, पण तो ज्या अटीवर खरा आहे ती अट मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरांत. या सर्व पुस्तिकांवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. अटीवाचून छापलेला आकडा म्हणजे एककावाचून लिहिलेले उत्तर. विद्यार्थ्याने उत्तरात एकक लिहिले नाही तर आपण त्याचा अर्धा गुण कापतो. इथे तो कोणी कापायचा?

वॉट-तास ठळक छापणे अवघड आहे असेही नाही. विमानप्रवासात पॉवर बँक नेताना मर्यादा विचारली जाते ती वॉट-तासांतच. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात सहसा चालते. सुरक्षेचा प्रश्न आला की सगळ्यांना खरे एकक आठवते. दुकानात मात्र मोठा दिसणारा आकडा पुढे येतो.

पेनड्राइव्हचेही असेच. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह संगणकाला जोडला की पडद्यावर ५९.६ जीबी दिसतात आणि घेणारा दुकानदारावर चिडतो. वास्तविक फसवणूक कोणीच केलेली नसते. बनवणारा 'गिगा' म्हणजे शंभर कोटी (१ वर ९ शून्ये) धरतो. अनेक संगणक-प्रणाली १०२४ चा घन, म्हणजे सुमारे १०७.४ कोटी धरतात. ६४ ला १.०७४ ने भागून पाहावे. हा घोळ मिटावा म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने दुसऱ्या मापाला 'गिबिबाइट' असे वेगळे नाव दिले, पण बाजाराने ते फारसे उचलले नाही. 'किलो म्हणजे हजार' एवढेच घोकून घेणाऱ्या आपल्या वर्गासाठी याहून चांगले उदाहरण कोणते?

तारे आणि त्यांची तारीख

आता एका चांगल्या पानाबद्दल. वस्तूवर चिकटवलेले तारांकनाचे लेबल ही या सर्व साहित्यातली सर्वांत वाचनीय गोष्ट आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोने ही योजना २००६ मध्ये सुरू केली. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही तारांकन सक्तीचे झाले. सर्व कंपन्यांसाठी लेबलाचा नमुना एकच, त्यामुळे तुलना करता येते. तारे मोजायला इंग्रजी लागत नाही. कमी शब्दांत जास्त माहिती देण्याचा हा उत्तम नमुना आहे.

पण इथेही अट बारीक अक्षरांत आहे. तारे कायमचे नसतात. तंत्र सुधारते तसा निकष कडक होतो. १ जुलै २०२२ पासून वातानुकूलन यंत्रांचे निकष बदलले, तेव्हा आदल्या दिवशीचे पाच ताऱ्यांचे यंत्र साधारणपणे चार ताऱ्यांचे ठरले. यंत्र तेच, आकाश बदलले! म्हणून तारे मोजण्याआधी लेबलावरचा कालावधी वाचावा. शिवाय वातानुकूलन यंत्राच्या लेबलावरचा वर्षाचा वीजवापर १६०० तासांसाठी काढलेला असतो. ज्याच्या घरी ते यंत्र उन्हाळ्याचे दोन महिने रात्री आठ तास चालते, त्याचे तास होतात ४८० आणि वीजही त्या प्रमाणात बरीच कमी लागते. अशा घराला जादा ताऱ्यांसाठी मोजलेले पैसे परत मिळायला फार वर्षे लागतील. लेबल त्याला हे सांगत नाही, त्रैराशिक सांगते.

पंख्याचे गणित उलटे आहे, कारण तो आपल्याकडे जवळजवळ वर्षभर फिरतो. जुना साधा पंखा पूर्ण वेगाने सुमारे ७५ वॉट घेतो. ब्रश नसलेल्या मोटरीचा, ज्याला बाजारात 'बीएलडीसी' म्हणतात तो, सुमारे ३० वॉट. फरक ४५ वॉटचा. रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ३००० तास. ४५ गुणिले ३००० भागिले १००० बरोबर १३५ युनिट. आपल्या वीजबिलावरच्या दराने याला गुणावे आणि दोन पंख्यांच्या किमतींतल्या फरकाशी ताडून पाहावे. खोक्यावर 'इतके टक्के बचत' असे लिहिलेले असते, पण कशाच्या तुलनेत, किती वेगाला आणि किती तासांना, हे पाहायला आत शिरावे लागते. त्याच आतल्या पानांत आणखी एक सूचना दडलेली असते : असे पंखे सहसा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर चालवू नयेत, सरळ जोडावेत. ती न वाचता पंखा लावला की तो थडथडतो किंवा बिघडतो आणि 'नवे तंत्र टिकत नाही' असा आणखी एक समज वस्तीत पसरतो.

तिसरी पिन

इथवरचा तोटा पैशांचा होता. पुढचा मुद्दा जिवाचा आहे, आणि आमच्या मते पुस्तिका सर्वांत कमी पडते ती इथेच.

गीझर, इस्त्री, फ्रिज यांच्या पुस्तिकांत एक वाक्य हमखास असते : उपकरणाला योग्य आर्थिंग द्यावे. बस्स. ते का द्यावे, नसेल तर काय होते, आहे की नाही हे कोणाकडून तपासून घ्यावे, यातले काहीच नाही. हमीच्या अटींना मात्र पानेच्या पाने. हे वाक्य वाचणाऱ्याला वाचवण्यासाठी लिहिले आहे की लिहिणाऱ्याला, असा प्रश्न पडतो.

वास्तविक या विषयावरचा सर्वांत सुंदर धडा पुस्तिकेत नसून वायरीच्या टोकाला असतो. तीन पिनांच्या प्लगकडे नीट पाहा. आर्थिंगची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की प्लग खोचताना ती सर्वांआधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी की ती चुकूनही विजेच्या भोकात शिरू नये. उपकरणाच्या आत विजेची तार सुटून पत्र्याला टेकली, तर आर्थिंगमुळे मोठी विद्युतधारा जमिनीकडे वाहते, फ्यूज जळतो किंवा एमसीबी पडतो आणि पुरवठा तुटतो. आर्थिंग नसेल तर काहीच घडत नाही. पत्र्यात वीज तशीच राहते, ओला हात लागेपर्यंत.

आता आपल्या घरांतले दृश्य आठवा. दोन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून आर्थिंगच्या भोकात काडी नाही तर स्क्रू ड्रायव्हर खुपसून आतली झडप उघडायची. तीन पिनांचा बसत नाही म्हणून जाड पिन कापून टाकायची. गीझरचा मोठा प्लग लहान सॉकेटमध्ये जाईना म्हणून मध्ये स्वस्तातला जोड लावायचा. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो आणि लहान सॉकेट असते ६ अँपिअरचे. प्लग बसत नाही ती अडचण नव्हे, तो इशारा आहे. प्लगचे माप ठरवणाऱ्याने तो पितळेत लिहून ठेवला. पुस्तिकेला तो शब्दांत लिहिणे जमले नाही.

मग मोबाइलच्या चार्जरला दोनच पिना कशा, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तरही छापलेले असते, पण चित्रलिपीत. चार्जरवर चौकोनात चौकोन अशी खूण शोधा. त्याचा अर्थ दुहेरी विद्युतरोधन. आत एक आवरण फाटले तरी दुसरे शाबूत राहते, म्हणून आर्थिंगची गरज नाही. आम्ही हे सांगितल्यावर वर्गातल्या मुलांनी त्या दिवशी आपापल्या घरचे चार्जर तपासले आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर खूण असलेल्यांची व नसलेल्यांची यादी झाली. खूण नसलेल्या चार्जरांविषयी घरी बोलणे झाले, हे आम्ही आमचे छोटे यश समजतो.

कोणाच्या भाषेत?

पुस्तिकेची भाषा हा आमचा पुढचा आक्षेप. महावितरणचे वीजबिल मराठीत येते. म्हणून फारसे न शिकलेल्या घरातही 'या महिन्यात इतके युनिट कसे झाले?' अशी चर्चा होते. ते युनिट ज्या वस्तूने खाल्ले तिची पुस्तिका मात्र इंग्रजीत, फार तर हिंदीत. आवेष्टित वस्तूंवरील मजकुराबाबतचे २०११ चे वैधमापन नियम सक्तीचा मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत मागतात. त्याच्या जोडीला दुसरी भाषा वापरण्यास मनाई नाही. म्हणजे मराठीची वाट मोकळी आहे, फक्त त्या वाटेने कोणी चालत नाही.

अलीकडे पुस्तिकेच्या जागी क्यूआर चौकट येऊ लागली आहे. २०२२ च्या जुलैमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या वेष्टनावरचा काही सक्तीचा मजकूरही या मार्गाने देण्याची मुभा एका वर्षासाठी दिली गेली. कागद वाचतो हे खरे. पण मोबाइल बंद पडला असता काय करावे, हे वाचण्यासाठी चालू मोबाइल लागावा, ही सोय आम्हांला अजून उमगलेली नाही.

आमच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचे वडील खोकी छापणाऱ्या गाळ्यात मशीनवर आहेत. मोठे काय आणि लहान काय छापायचे हे कोण ठरवते, असे तिने त्यांना विचारले. "ऑर्डर देणारा ठरवतो. आम्ही रंग जुळवतो," हे उत्तर तिने आणले. उत्तर अर्धे बरोबर आहे. काही मजकुराच्या अंकांची व अक्षरांची किमान उंची याच नियमांनी ठरवून दिलेली आहे. म्हणजे अक्षराची उंची हा कायद्याचा विषय होऊ शकतो. तेव्हा आमची सूचना एका ओळीची आहे : आकडा ज्या अक्षरांत, त्याची अटही त्याच अक्षरांत. वस्तूची गुणवत्ता, प्रमाण आणि दर्जा यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मानला आणि २०१९ च्या नव्या कायद्यानेही तो कायम ठेवला. वाचता न येणारी माहिती मिळाली काय आणि न मिळाली काय, सारखेच.

आणि आमचा दोष

परीक्षण इथे संपवले तर ते एकांगी होईल. पुस्तिका वाईट लिहिली आहे हे खरे, पण ती चांगली लिहिली असती तर आमचे विद्यार्थी ती वाचू शकले असते काय? एक युनिट म्हणजे किती, याची व्याख्या आम्ही पाठ करून घेतो. घरच्या पंख्यावरचे वॉट वाचून ये, असे सांगत नाही. प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर कपाटात जपून ठेवतो आणि शेजारच्या भिंतीवरचे सॉकेट अभ्यासक्रमाबाहेरचे मानतो. दुरुस्ती केंद्रातल्या त्या तरुणासमोर आमची झालेली फजिती ही या शिकवण्याचीच फजिती होती.

१९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने एक साधी गोष्ट दाखवून दिली : एकट्याने घासाघीस करण्यापेक्षा दहा घरांनी मिळून पारख करावी. धान्याच्या बाबतीत जे जमले ते वॉटच्या बाबतीत वर्गाला जमायला हरकत नाही. आम्ही केलेल्या आणि सहज करता येण्यासारख्या तीन गोष्टी देतो.

१. प्रत्येकाने घरच्या एका वस्तूचे खोके किंवा पुस्तिका आणावी. तिच्यावरचा सर्वांत मोठा आकडा आणि त्याची अट वहीत शेजारीशेजारी, सारख्या अक्षरांत लिहावी. अट सापडली नाही तर तसे लिहावे.

२. गटागटाने एका पुस्तिकेचे एका पानात मराठी करावे. त्यात तीनच मथळे असावेत : जिवाला धोका कशाने, वस्तू बिघडते कशाने, वीज किती लागते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते वाचून समजले असे म्हटले की ते उत्तीर्ण.

३. घरातल्या सॉकेटांची यादी करावी : लहान किती, मोठी किती, कोणत्या सॉकेटला काय जोडले आहे. ही फक्त पाहण्याची गोष्ट आहे. सॉकेट उघडणे, टेस्टर लावणे हे मुलांनी मुळीच करू नये. आर्थिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

दुसऱ्या उपक्रमात गीझरचे पान करणाऱ्या गटातल्या एका मुलाच्या घरी न्हाणीघरात आर्थिंगच नव्हते, असे नंतर वायरमनने दाखवले. ते आता बसवून घेतले आहे. या परीक्षणातून एवढे एक काम झाले असले तरी हे पुस्तक वाचल्याचे सार्थक झाले, असे आम्ही म्हणू.

वस्तू सदोष निघाली तर जरूर तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र तक्रारीला निघण्यापूर्वी वस्तू एकदा उलटी करून वाचावी. आपल्या वर्गात तयार झालेली एकपानी मराठी पुस्तिका आमच्याकडे अवश्य पाठवा. बरी-वाईट कशीही असो, तिचे परीक्षण करायला आम्हांला आनंदच होईल.